घर विकताना ऑफरची घासाघीस एजंटवर सोपवली, कशी वाटली सेवा (५ पैकी ४ स्टार)

घर विकायला काढलं की सल्ले देणारे भरपूर भेटतात. रंग काढून घ्या, फोटो सकाळच्या उजेडात काढा, पसारा आवरा, जाहिरात इथे टाका, तिथे टाका. ते सगळं ठीकच आहे, पण पैसे हातात राहतात की सुटतात ते ठरतं पहिली ऑफर आल्यानंतर, आणि एजंट लोकांचे रिव्ह्यू वाचायला घेतले तर नेमकं त्याच भागाबद्दल "छान सहकार्य केलं" यापलीकडे एक ओळ सापडत नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त निगोशिएशनचा आहे. जाहिरात, फोटो, कागदपत्रं या गोष्टी बऱ्या होत्या एवढंच सांगते आणि पुढे जाते.

घर आम्हा दोघा भावंडांचं, म्हणजे माझं आणि दादाचं. विकायचं काम एका एजंट मॅडमकडे दिलं होतं. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण माणूस कोण यापेक्षा काम कसं केलं ते वाचणाऱ्याला उपयोगाचं, आणि असंच काम करणारं कोणी तुम्हालाही शोधता यावं. त्यांच्याआधी आम्ही दुसऱ्या एका एजंटकडे होतो. त्या गृहस्थांनी घर बघायला आलेल्या पहिल्याच पार्टीला आमच्यासमोर सांगितलं की "यांनी दुसरं घर बुक केलंय, त्यामुळे यांना लवकर मोकळं व्हायचंय." झालं! त्यानंतर जी ऑफर आली तिच्यात आकडा तर कमी होताच, वर "तुम्हालाही घाईच आहे ना" हे वाक्यसुद्धा होतं. विकणाऱ्याची घाई समोरच्याला कळली की पुढची सगळी बोलणी त्या घाईवरच होतात, घराबद्दल कोणी बोलतच नाही. त्यांचा करार संपला तसा आम्ही नमस्कार केला आणि या मॅडमना गाठलं.

पहिल्या भेटीतच मला फरक जाणवला. साधारण एजंट पहिल्यांदा विचारतात ते "शेवटचं किती?" मॅडमनी बरोबर उलटं केलं. म्हणाल्या, "तुमचा शेवटचा आकडा मला सांगू नका. तुम्ही आणि दादा बसून ठरवा, कागदावर लिहा, तारीख टाका आणि पाकिटात बंद करून ठेवा. मला माहीतच नसेल तर माझ्या तोंडून निघणार नाही, आणि ऑफर आली की तुम्ही माझ्याकडे न बघता पाकिटाकडे बघाल." आम्ही तसंच केलं. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण रात्री साडेनऊला फोन येतो, समोरची पार्टी तयार आहे, आत्ताच हो म्हणा, असं सगळे म्हणत असतात, तेव्हा डोकं शांत असताना लिहिलेला एक आकडा घरात असणं ही फार मोठी गोष्ट असते. आणि त्यात त्यांनी दुसरी ओळ लिहायला लावली होती, घर विकलंच नाही तर आपण काय करणार? भाड्याने देणार, सहा महिने थांबणार, की नवीन घराचं बघू म्हणणार? या ओळीचं उत्तर जितकं भक्कम तितकं "नाही" म्हणायला जड जात नाही. आमचं उत्तर होतं भाड्याने देऊ, आणि त्यासाठी खरंच किती भाडं येईल याची चौकशीसुद्धा त्यांनीच करून दिली. यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

मागणीची किंमत ठरवताना मात्र घरात जोरदार वाद झाला. दादाचा हिशोब असा की घेतलं तेव्हाची किंमत, अधिक किचनचं काम, अधिक फर्निचर, अधिक इतकी वर्षं सांभाळलं त्याचं काहीतरी. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या की घेणाऱ्याला तुमच्या खर्चाशी काही देणंघेणं नाही, तो शेजारच्या बिल्डिंगमधलं घर बघून आलेला असतो. हे खरंच आहे आणि त्यावर बराच अभ्यासही झालाय. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला कॉफीच्या मगांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, ज्यांना मग दिला त्यांनी तो विकायला मागितलेली किंमत ही ज्यांच्याकडे मग नव्हता ते द्यायला तयार असलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. म्हणजे काही मिनिटं हातात असलेल्या मगाचं हे, तर जिथे माणूस राहिलाय त्या घराचं काय होणार. आणि बॉस्टनमधल्या अपार्टमेंट्सच्या विक्रीवर डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांचा २००१ चा अभ्यास आहे, त्यात दिसलं की ज्यांना खरेदी किमतीपेक्षा कमी मिळणार होतं त्यांनी मागणी चढी ठेवली, अपेक्षित किंमत आणि खरेदी किंमत यांच्यातल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्के इतकी वर, आणि प्रत्यक्षात जास्तीचं पदरात पडलं ते त्याच फरकाच्या ३ ते १८ टक्के, शिवाय घरं जास्त दिवस पडून राहिली. दादाला हे मी वाचून दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी दिलेल्या तीन अलीकडच्या विक्रींची यादी घेऊन बसला.

तरीही मागणीची किंमत बाजारभावापेक्षा थोडी वर ठेवावी यावर मॅडम ठाम होत्या, आणि ती गोल नको म्हणाल्या. कारण समोरचा माणूस कितीही हुशार असला तरी छापलेल्या आकड्यापासूनच मोजायला लागतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या टुसॉन शहरात हे तपासलं होतं. एकच घर विद्यार्थ्यांना आणि व्यवसायातल्या एजंटांना दाखवलं, सगळी माहिती तीच, फक्त छापील मागणी वेगवेगळी. ज्यांना चढा आकडा दिसला त्यांचा अंदाजही चढा आला, एजंटांचासुद्धा, आणि एजंटांपैकी बहुतेकांनी सांगितलं की मागणीच्या किमतीचा आम्ही विचार केला नाही. पण आकडा इतकाही वर नको की लोक घर बघायलाच येणार नाहीत, हेही त्या तितक्याच ठामपणे म्हणाल्या, आणि शेवटी जो आकडा ठरला तो दादाच्या आकड्याच्या बराच खाली आणि माझ्या आकड्याच्या थोडा वर होता.

आता मुख्य काम, ऑफर. मॅडमची पद्धत अशी की तोंडी ऑफर त्या ऑफर म्हणून धरतच नाहीत. कोणी फोनवर आकडा सांगितला की "छान, चार ओळी लिहून पाठवा" एवढंच उत्तर. निम्मे लोक तिथेच गळतात आणि गळू देत, ते नुसते अंदाज घेणारे असतात. जे लिहून पाठवतात त्यांच्या ऑफरचा त्या एक तक्ता करतात आणि आम्हाला पाठवतात. मला या सेवेतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हा तक्ता. त्यात किंमत हा फक्त एक रकाना. बाकीचे रकाने असे होते, टोकन किती आणि कधी, पैसे कुठून येणार, लोन असेल तर बँकेचं मंजुरीपत्र हातात आहे की "होऊन जाईल" आहे, स्वतःचं घर विकल्याशिवाय पैसे येणार नाहीत असं आहे का, ताबा कधी हवा, घरातलं काय काय ठेवून जायचं, तपासणी करणार का, ऑफर किती तारखेपर्यंत चालू, आणि शेवटचा रकाना, मोडलं तर काय, म्हणजे टोकनचं काय होणार.

हा तक्ता समोर ठेवला की सगळ्यात मोठा आकडा बऱ्याचदा सगळ्यात चांगला नसतो हे आपोआप दिसतं. आमच्याकडे एक ऑफर आली ती जवळजवळ मागणीच्या किमतीची होती, दादा तर फोनवरच "देऊन टाका" म्हणाला. पण तक्त्यात बघितलं तर टोकन नावापुरतं, लोनचा अर्ज अजून केलेला नाही, आणि आधी त्यांचं स्वतःचं घर विकायचं होतं ज्याला गिऱ्हाईक नव्हतं. वर मॅडमनी अजून एक गोष्ट समजावली जी मला आधी नीट माहीत नव्हती. बँक लोन देते ते स्वतःच्या माणसाकडून केलेल्या मूल्यांकनावर, आणि साधारणपणे मूल्यांकन आणि ठरलेली किंमत यातलं जे कमी त्यावर टक्केवारी मोजते. म्हणजे पार्टीने उत्साहात चढा आकडा लिहिला आणि बँकेचं मूल्यांकन खाली आलं तर मधला खड्डा पार्टीला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, आणि खिशात नसेल तर ते परत तुमच्याकडे येतात, "थोडं कमी करा ना, बँकच देत नाहीये." तोपर्यंत तुम्ही बाकीच्यांना नाही म्हणून बसलेले असता. त्यामुळे त्या प्रत्येक लोनवाल्या पार्टीला एकच प्रश्न विचारायच्या, मूल्यांकन कमी आलं तर वरची रक्कम कुठून आणणार? ज्यांच्याकडे उत्तर तयार होतं ती माणसं व्यवहाराची, बाकीची हौशी. शेवटी ज्यांना घर दिलं त्यांचा आकडा या मोठ्या आकड्यापेक्षा दोनेक टक्के कमी होता, पण मंजुरीपत्र हातात, टोकन घसघशीत आणि ताब्याच्या तारखेला लवचिक. मला याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पहिल्या ऑफरचं सांगायचं राहिलं. ती मागणीपेक्षा बारा टक्के खाली होती, आणि वहिनी म्हणाली असल्या लोकांना उत्तरच देऊ नका, अपमान आहे हा. मॅडम म्हणाल्या, उत्तर द्यायचं, पण आकड्याने द्यायचं नाही. त्यांनी पाठवलेलं उत्तर मी जपून ठेवलंय, चारच ओळींचं, "ऑफरबद्दल आभार. हा आकडा आपण कोणत्या विक्रीवरून काढला ते कळलं तर बरं होईल. सोबत या परिसरातल्या अलीकडच्या तीन विक्रींची माहिती जोडली आहे. त्यानुसार ऑफर सुधारता आली तर घरच्यांसमोर ठेवता येईल." राग नाही, चेष्टा नाही, दार बंद नाही, आणि आमच्याकडून एक टक्कासुद्धा खाली सरकलेला नाही. त्या पार्टीने आठवड्याभरात स्वतःहून ऑफर वाढवली. आपण आपल्याच विरुद्ध बोली लावायची नाही, समोरच्याने ऑफर वाढवल्याशिवाय आपला आकडा दोनदा खाली आणायचा नाही, हा त्यांचा नियम आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही.

काउंटर ऑफरबद्दल, म्हणजे समोरच्याच्या ऑफरला उत्तर म्हणून आपण दिलेल्या वेगळ्या आकड्याबद्दल, त्या फारच काटेकोर आहेत आणि त्यामागे कारण आहे. काउंटर दिला की समोरच्याची आधीची ऑफर मेली, नंतर "बरं ते तुमचं आधीचंच मान्य" म्हणून उपयोग नाही, तो आता बांधील नसतो. इंग्लंडमध्ये १८४० साली हाइड विरुद्ध रेंच नावाचा खटला झाला होता, तो याच गोष्टीचा. रेंचने आपलं शेत १००० पौंडाला देऊ केलं, हाइडने ९५० सांगितले, रेंचने नाही म्हटलं, मग हाइड म्हणाला ठीक आहे १००० देतो, आणि कोर्टाने सांगितलं की करार झालेलाच नाही, ९५० म्हणताक्षणी १००० ची ऑफर संपली. इंग्लंडच्या धर्तीवर करार कायदा असलेल्या देशांमध्ये अजून हेच धरतात. पण नुसती विचारणा केली तर तसं होत नाही, हेही तिथल्याच कोर्टाने १८८० साली स्टीव्हन्सन विरुद्ध मॅकलीनमध्ये सांगितलं. त्यामुळे चांगली ऑफर हातात असेल तर मॅडम काउंटर न देता विचारतात, "ताब्याची तारीख पुढे सरकू शकेल का?", "टोकन वाढवता येईल का?" प्रश्न विचारायचा, ऑफर जिवंत ठेवायची. घराचा व्यवहार बहुतेक ठिकाणी लेखी करार झाल्याशिवाय पक्का होत नाही हे खरं, पण लेखी होण्याच्या आधीच्या त्या चार दिवसांतच तर माणसं निसटतात.

समोरासमोर बसणं एकदाच झालं, आणि मॅडमचं खरं कसब मी तेव्हा बघितलं. घेणारं जोडपं आणि मुलाचे वडील आले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर काका म्हणाले, "अहो मॅडम, ना तुमचं ना आमचं, मधला आकडा धरा आणि विषय संपवा." सगळ्यांनी माना हलवल्या, माझीसुद्धा हलणार होती, इतकं ते न्याय्य वाटतं. मॅडम म्हणाल्या, "काका, मध्य काढायला हरकत नाही, पण कशाचा मध्य ते बघू. तुम्ही सुरुवात बाजारभावाच्या बऱ्याच खालून केलीत, आम्ही बाजारभावाला धरून केली. मधोमध कापलं तर तुम्ही जितकं खालून सुरू केलंत तितकं आमचं जास्त जातं." काका हसले. मग मॅडमनी आमच्याकडून शेवटची सूट दिली, पण रिकामी नाही दिली, बदल्यात टोकन वाढवून घेतलं आणि ताबा आम्हाला सोयीच्या महिन्यात ढकलला, आणि वर बेडरूमचं कपाट आणि गीझर ठेवून जाऊ असं सांगितलं, जे आम्ही तसंही नेणार नव्हतो पण त्यांना नवीन घ्यायला खर्च आला असता. सूट देण्याचा त्यांचा उतार पण बघण्यासारखा होता, पहिली सूट दोन टक्के, पुढची एक, त्यापुढची अर्धा. समोरच्याला न सांगता कळतं की तळ जवळ आलाय. दर वेळी सारखीच सूट दिली असती तर त्यांनी अजून दोनदा मागितली असती, कोणीही मागेल.

या मीटिंगच्या आधी त्यांनी अजून एक अट घातली होती, मालकांपैकी एकानेच बोलायचं. दादा, वहिनी, मी, आई असे सगळे बसलो तर समोरचा सगळ्यात नरम माणूस हेरतो आणि त्याच्याकडे बघून बोलायला लागतो. ठरलं की मी बोलणार आणि कुठल्याही नवीन आकड्यावर माझं उत्तर एकच, "दादाशी बोलून उद्या सांगते." हे खोटं नव्हतं, सही दोघांची लागणारच होती. पण त्याने एक रात्र मिळते आणि खुर्चीत बसून हो म्हणायची वेळ येत नाही. वहिनीला सुरुवातीला हे पटलं नव्हतं, तिला वाटलं तिला बाजूला ठेवतायत, मॅडमनी तिच्याशी वेगळं बोलून समजावलं. ही छोटी गोष्ट आहे पण भावंडांच्या घराच्या व्यवहारात नाती सांभाळून बोलणारा एजंट मिळणं सोपं नाही.

तपासणीनंतरची घासाघीस हा एक वेगळाच प्रकार असतो. किंमत ठरते, सगळे खूश होतात, मग घेणारा तपासणी करून घेतो आणि यादी घेऊन येतो, हे फुटलंय, ते गळतंय, आता एवढे कमी करा. विकणारा तोपर्यंत मनाने घर सोडून गेलेला असतो म्हणून तो पटकन वाकतो. आमच्या बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल होती. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ती दाखवायला लावली, प्लंबरकडून दुरुस्तीचा लेखी खर्च मागवला आणि घराच्या माहितीपत्रात "बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल, दुरुस्तीचा अंदाज सोबत, किंमत हे धरून ठेवली आहे" असं सरळ छापलं. दादा म्हणाला आपणच आपल्या घराचे दोष कशाला सांगायचे. तपासणी झाल्यावर त्याचं उत्तर मिळालं. पार्टीने ओलीचा मुद्दा काढलाच, मॅडमनी माहितीपत्राची ती ओळ आणि त्याखाली पार्टीचीच सही दाखवली, विषय तिथेच मिटला. एका खिडकीची बिजागरी खरंच नवीन निघालेली तक्रार होती, ती आम्ही दुरुस्त करून दिली, पैसे कमी केले नाहीत. हे वाक्य त्यांचं, "दुरुस्ती करून द्यायची, सूट द्यायची नाही," कारण सूट मागताना लोक दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा नेहमी फुगवूनच धरतात. आणि दोष लपवून विकलं तर नंतर वकिलाची नोटीस येऊ शकते हे वेगळंच.

दुसऱ्या नंबरच्या पार्टीला त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. खोटं काही सांगितलं नाही, "एका ठिकाणी ठरतंय, पण तिकडे काही अडलं तर तुम्हाला पहिला फोन करू, चालेल का?" एवढं विचारलं आणि त्यांची लेखी ऑफर बॅकअप म्हणून ठेवून घेतली. आणि हो, नसलेल्या ऑफरची थाप त्यांनी कुणालाही मारली नाही, मी स्वतः विचारलं होतं की असं करतात का बरेच जण, तर म्हणाल्या की समोरच्याने "मग त्यांनाच द्या" म्हटलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही. शिवाय ती सरळसरळ फसवणूक आहे.

आता एक स्टार का कापला ते. मधल्या टप्प्यात एक ठीकठाक ऑफर आली होती, पाकिटातल्या आकड्याच्या जेमतेम वर. तेव्हा मॅडमचा सूर बदलला. "बाजार थंड आहे", "हातातलं सोडू नका", एका दिवसात तीन मेसेज. आम्ही थांबलो आणि पुढच्या ऑफरमध्ये त्यापेक्षा तीन टक्के जास्त मिळाले. मी त्यांना वाईट हेतूचं म्हणणार नाही, पण कमिशनचं गणितच तसं असतं. समजा कमिशन दोन टक्के आहे आणि घर शंभराऐवजी एकशे तीनला गेलं, तर वरच्या तीनमधले २.९४ विकणाऱ्याचे आणि ०.०६ एजंटचे, तेसुद्धा त्यांना ऑफिसशी वाटून घ्यायचे असतात. तेवढ्यासाठी अजून महिनाभर लोकांना घर दाखवत कोण फिरणार? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो भागातल्या जवळपास एक लाख घरविक्रींची आकडेवारी तपासली, २००८ साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा सुमारे ९.५ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि किंमत सुमारे ३.७ टक्के जास्त मिळवतात. म्हणजे थांबण्याची किंमत त्यांना चांगली कळते, फक्त आपल्यासाठी थांबायला त्यांना तितकं कारण नसतं. मला हे खटकतं, खूप खटकतं, कारण विकणारा आयुष्यात एकदा-दोनदा घर विकतो आणि सल्ला मागतो तो नेमका अशा माणसाला.

यावर उपाय मी त्यांच्याशी बोलून काढला होता पण तो करार झाल्यानंतर सुचल्यामुळे त्यांनी मान्य केला नाही, तुम्ही आधीच बोला. ठराविक किमतीपर्यंत नेहमीचं कमिशन आणि त्यावर जितकं जास्त मिळेल त्या वरच्या भागावर चांगलं घसघशीत, दहा-पंधरा टक्के वगैरे. मग थांबण्यात एजंटचाही फायदा. दुसरं, एजंट घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार आहे का हे पहिल्या दिवशी विचारा आणि लिहून घ्या. आमच्या मॅडम घेत नव्हत्या, पण दोन्हीकडून घेणारा माणूस तुमच्यासाठी किती ताणून धरेल याचा विचार तुम्हीच करा. तिसरं बारीकसारीक, संध्याकाळी सातनंतर त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशीच येतं, आणि ऑफरची मुदत संपत असताना हे त्रासाचं होतं, एकदा तर आम्हाला त्यांच्या असिस्टंटला फोन लावावा लागला.

कोणाला घ्यावी ही सेवा? मालक एकापेक्षा जास्त असतील, घराशी मन गुंतलं असेल किंवा समोर बसून "नाही" म्हणायला जीभ रेटत नसेल तर नक्की घ्या, मधे एक माणूस असण्याचे पैसे वसूल होतात. ज्याला अलीकडच्या विक्रींची माहिती स्वतः काढता येते, घाई नाही आणि घासाघिशीचा कंटाळा नाही त्याने फक्त वकील लावावा आणि वरचा तक्ता स्वतः करावा, जमेल.

फी कधी द्यायची तेही सांगते, कारण मला हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं. आम्ही निम्मी रक्कम लेखी करार झाल्यावर आणि निम्मी पूर्ण पैसे खात्यात येऊन ताबा दिल्यावर असं ठरवून घेतलं होतं. मॅडम आधी पूर्ण रक्कम कराराच्या दिवशीच मागत होत्या, थोडं बोलल्यावर तयार झाल्या. यामुळे मधल्या काळात बँकेचं, तपासणीचं, ताब्याच्या तारखेचं जे काही निघालं त्यासाठी त्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलला जात होता, संध्याकाळी सातच्या आत केला तर.